घरची शाळा आणि श्रवणाची निवड

विद्येचा आरंभ अक्षरओळखीनें होतो, ही समजूत शाळांच्या वाढीबरोबर रूढ झाली. परंतु आपल्या समाजांत विद्येचें पहिलें द्वार कान हेंच होतें. पहाटेची जात्यावरची ओवी, देवळांतील कीर्तन, शाहिराचा पोवाडा आणि निजतांना ऐकलेली आजीची गोष्ट, एवढ्या शिदोरीवर कित्येक पिढ्या शहाण्या झाल्या. दासबोधांत समर्थांनीं श्रवणाला स्वतंत्र समास दिले आहेत. आणि काय ऐकावें याबरोबरच काय ऐकूं नये, याचाहि विचार त्यांत आहे. शास्त्रकारांनीं तर श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा तीन पायऱ्या सांगितल्या. म्हणजे कानांवर शब्द पडले कीं ज्ञान झालें, असें आपल्या परंपरेनें कधींच मानलेलें नाहीं.

हा जुना विचार आज पुन्हां आठवण्याचें कारण नवें आहे. आपल्या मुलांना शाळेंत न घालतां घरींच शिकविणारीं कांहीं कुटुंबें महाराष्ट्रांत आहेत. या घरांतून ज्याला पॉडकास्ट म्हणतात त्या ध्वनिमालिकांचा उपयोग वाढत आहे. हा शब्द २००४ सालीं इंग्लंडांतील एका वृत्तपत्रांत प्रथम छापला गेला. आयपॉड नांवाचें खिशांत मावणारें गाणीं ऐकण्याचें यंत्र आणि इंग्रजींतील प्रक्षेपणाचा शब्द यांच्या जोडीनें तो झाला. रेडिओचा कार्यक्रम ठरल्या वेळीं येतो आणि ऐकला नाहीं तर निघून जातो. ध्वनिमालिकेचा भाग मात्र साठवून ठेवतां येतो, हवा तेव्हां लावतां येतो आणि दहा वेळां ऐकतां येतो.

फरक एवढाच असता तर त्यावर फार बोलण्याचें कारण नव्हतें. खरा फरक निवडीचा आहे. भारतांत १९३७ च्या सुमारास शाळांसाठीं रेडिओचे कार्यक्रम नियमित सुरू झाले. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें केंद्र सुरू झालें आणि वऱ्हाड-नागपूरच्या घरांत जवळचा आवाज येऊं लागला. त्या काळीं मुलांनीं काय ऐकावें, हें केंद्रावरचे जाणते अधिकारी ठरवीत. लिहिलेलें भाषण आधीं कोणीतरी तपाशी, भाषा पाही, वेळ मोजी. आज कोणीहि बोलावें आणि कोणीहि ऐकावें, अशी स्थिति आहे. केंद्राच्या अधिकाऱ्याचें काम घरांतील आईबापांवर येऊन पडलें आहे. आणि तें आपल्यावर आलें आहे, याची जाणीव मात्र पुष्कळांना नसते.

घरीं शिकणाऱ्या मुलाच्या बाबतींत ही जबाबदारी अधिक जड होते. शाळेंत जाणाऱ्या मुलानें एखादी चुकीची गोष्ट ऐकली, तर दुसऱ्या दिवशीं गुरुजी ती सुधारतात, नाहींतर शेजारच्या बाकावरील मुलगा तरी वाद घालतो. घरीं शिकणाऱ्याला असा दुसरा गुरुजी सहसा नसतो. कायद्याचेंहि पाठबळ स्पष्ट नाहीं. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या दहाव्या कलमांत सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेंत दाखल करणें हें पालकांचें कर्तव्य म्हटलें आहे. न केल्यास दंड मात्र सांगितलेला नाहीं. चौदा वर्षें पुरीं झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीच्या दर्जाची परीक्षा देतां येते. तोंपर्यंत मुलाच्या ज्ञानाचा हिशेब घरानेंच ठेवावयाचा असतो. तो चुकला, तर चुकल्याचें कळण्यास कित्येक वर्षें लागतात.

आतां यवतमाळांतील एखाद्या घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. वडील नोकरीवर जातात. आई घर सांभाळून बारा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी यांना शिकविते. पुण्यामुंबईस अशा कुटुंबांचे मेळावे भरतात. येथें आईला सल्ला विचारावयास दुसरें घर जवळ नाहीं. हाताला काम असतें, म्हणून मुलांना कांहीं ऐकावयास लावून ती स्वयंपाकघरांत जाते. मुलगी हुशार आहे. ऋतूंवरील एक सुरेख इंग्रजी ध्वनिमालिका तिनें चारदां ऐकली आणि पाहुण्यांपुढें ती घडाघडा सांगते कीं, ऑक्टोबरांत थंडी पडूं लागली कीं झाडांचीं पानें लाल होऊन गळतात आणि मार्चांत नवी पालवी फुटते. पाहुणे कौतुक करतात. आईलाहि धन्यता वाटते.

मार्च महिन्यांत मुलें पांढरकवड्यास आबाजींकडे जातात. टिपेश्वरच्या बाजूचें रान सागाचें. ऊन तापूं लागलेलें, आणि साग उघडे बोडके उभे! सुपाएवढीं वाळलीं पानें पायांखालीं चुरचुरत असतात. मध्येंच एखादा पळस मात्र लालभडक फुलांनीं पेटलेला. मुलगी थबकते आणि विचारते, "आबाजी, हीं झाडें मेलीं काय?" आबाजी हंसून म्हणतात, "मेलीं नाहींत बाई. उन्हाळ्यांत पाणी राखावयाचें म्हणून सागानें पानें टाकलीं. मृग पडला कीं पाहा." मुलगी कांहीं वेळ गप्प राहते आणि मग घरीं येऊन आईला विचारते, "मग ते लोक खोटें बोलले का?"

या प्रश्नांत घरच्या शाळेचें सारें भवितव्य सांठविलेलें आहे. आई गोंधळली आणि "तूं पुढचा भाग ऐक" म्हणाली, तर मुलगी दोन गोष्टी शिकेल. कानांनीं ऐकलेल्या ज्ञानाचा डोळ्यांनीं पाहिलेल्या जगाशीं संबंध नसतो, ही एक. आणि प्रश्न विचारल्यानें मोठी माणसें अडचणींत येतात, ही दुसरी. पण आईनें शांतपणें म्हटलें, "खोटें नव्हे ग. त्यांच्या अंगणांतलें तें खरें आहे. आतां आपल्या अंगणांतलें खरें आपण लिहूं," तर तोच भाग उत्तम पाठ होतो. मग मुलगी कोणत्या झाडाचीं पानें केव्हां गळतात याची वही घालील आणि थंडीनें गळणारें पान व तहानेनें गळणारें पान यांतील भेद तिला जन्मभर विसरतां येणार नाहीं.

यावरून निवडीची पहिली कसोटी हातीं लागते. ध्वनिमालिका परदेशी आहे एवढ्यानें ती टाकूं नये आणि गाजलेली आहे एवढ्यानें घेऊं नये. तिच्यांतील जग आणि मुलाच्या भोंवतालचें जग यांच्यांत किती अंतर आहे, तें आधीं मोजावें. आणि तें अंतर तोडून जाण्याचा पूल घरांत कोण बांधणार, हें ठरवावें. कापसाचेंच उदाहरण घ्यावें. अमेरिकेंतील कापसाच्या कथेंत मोठालीं यंत्रें शेतें वेचून काढतात. यवतमाळ जिल्ह्यांत कापूस बायकांच्या बोटांनीं वेचला जातो. वेचणीच्या आरंभीं शेतांत सीतादहीची पूजा होते. मग गाड्या भरून जिनिंगकडे जातात. मुलानें अमेरिकेची कथा जरूर ऐकावी. परंतु त्याच आठवड्यांत त्यानें एखाद्या वेचणाऱ्या बाईला दिवसाची मजुरी कशी मोजतात, तें विचारावें. तसें केलें तरच त्याला दोन्ही कापूस समजतील.

दुसरी कसोटी सांगणाराची. हा बोलणारा कोण, आणि त्याला हें कोठून कळलें? चांगली मालिका हें लपवीत नाहीं. ती त्या विषयाच्या जाणकाराला बोलावते, त्याचें नांव सांगते, आणि कोठें अजून उत्तर सांपडलेलें नाहीं, तेंहि मोकळेपणानें सांगते. अमेरिकेंत २०१२ पासून चालू झालेल्या 'ब्रेन्स ऑन' या विज्ञानमालिकेंत प्रत्येक भागांत एक मूल सहनिवेदक असतें. २०१६ सालीं व्हरमाँटच्या सार्वजनिक रेडिओनें सुरू केलेल्या 'बट् व्हाय' या मालिकेंत मुलांनींच पाठविलेले प्रश्न घेऊन जाणत्या माणसांकडे जातात. या दोन्हींचें इंग्रजी बारा वर्षांच्या मुलास कांहीं सवयीनंतर समजण्यासारखें आहे. पण त्यांच्यापासून घ्यावयाचा मुख्य धडा भाषेचा नव्हे. मूल हें नुसतें ऐकणारें नसून विचारणारें आहे, हा आहे. जी मालिका मुलाला केवळ चकित करते आणि एकहि प्रश्न शिल्लक ठेवीत नाहीं, ती करमणूक म्हणून चालेल; शिक्षण म्हणून चालणार नाहीं.

तिसरी कसोटी भाषेची. लहान मुलाचें श्रवण आधीं मातृभाषेंत पक्कें व्हावें, यांत दुमत नसावें. मराठींत मुलांसाठीं ध्वनिमालिका इंग्रजीच्या मानानें थोड्या आहेत. तरी 'बालगाथा'सारख्या गोष्टींच्या मालिका आहेत, आणि ध्वनिपुस्तकेंहि पुष्कळ निघालीं आहेत. त्यांतून निवडतांना उच्चार, शब्दांची निवड आणि वाचण्याची गति यांकडे लक्ष द्यावें. कांहीं वाचक मुलांशीं बोलतांना उगाच लाडिक सूर काढतात. मुलांना तो आवडतो ही मोठ्यांची समजूत आहे; गोष्ट चांगली असेल तर साध्या आवाजांतच ती अधिक रंगते.

येथें यवतमाळ जिल्ह्याची एक विशेष गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. या जिल्ह्यांत मराठी आहे, तिची वऱ्हाडी बोली आहे, बंजारा समाजाची गोरबोली आहे, गोंडी आहे आणि कोलामी आहे. कोलामी ही द्राविडी कुळांतील भाषा. एमेनो या भाषापंडितानें वर्धा भागांतील कोलामांकडून ती ऐकून तिचें व्याकरण लिहिलें. त्याचा ग्रंथ १९५५ सालीं प्रसिद्ध झाला. एवढी भाषासंपत्ति दाराशीं असतां घरांतील मुलानें केवळ पुणेरी किंवा परदेशी आवाजच 'शुद्ध' समजावा, हें त्याचें नुकसान आहे. ग्रामीण महाराष्ट्रांतील बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा जो संग्रह गी पॉइतव्हॅ आणि हेमा राईरकर यांनीं उभा केला, त्यांतील कित्येक ओव्या आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहांत गाणाऱ्या बायकांच्या स्वतःच्या आवाजांत ऐकतां येतात. मराठी भाषेचा, स्त्रियांच्या जीवनाचा आणि गांवच्या इतिहासाचा असा पाठ कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत मिळणार नाहीं.

चौथी गोष्ट वेळेची आणि मापाची. सात-आठ वर्षांच्या मुलास दहा-पंधरा मिनिटांचा भाग पुरे. मोठ्या मुलास अर्धा तास चालेल. चौदापंधरा वर्षांच्या मुलाला इतिहासाची आणि तत्त्वज्ञानाची गोडी लागली, तर बी.बी.सी.ची 'इन् अवर टाइम' ही १९९८ पासूनची चर्चामाला त्याच्या हातीं द्यावी. तीन विद्वान एका विषयावर बोलतांना एकमेकांस कसे खोडतात, हें ऐकणें हाच तेथें मोठा लाभ आहे. एकच भाग मूल पुनःपुन्हां मागतें, तेव्हां त्याला अडवूं नये. आवडत्या कीर्तनाला लोक पुन्हां पुन्हां जातच असत. अडवावयाचें तें एका भागामागून दुसरा आपोआप चालूं राहण्याला. भाग संपला कीं यंत्र बंद व्हावें आणि घरांत थोडी शांतता असावी. मननाला जागा लागते.

जाहिरातींविषयीं सावध असावें. फुकट मिळणाऱ्या मालिकेचा खर्च कोणीतरी करीतच असतो. निवेदक ज्या गोड आवाजांत ताऱ्यांची माहिती सांगतो, त्याच आवाजांत मध्येंच एखाद्या खाऊची वाखाणणी करूं लागतो. आणि लहान मुलाला कोठें एक संपलें व दुसरें सुरू झालें, हें कळत नाहीं. म्हणून कोणताहि भाग आधीं मोठ्यांनीं ऐकावा, हा नियम मोडूं नये. आईला वेळ नसेल तर वडिलांनीं कचेरीस जातांयेतां ऐकावा. खर्चाच्या दृष्टीनें आवाज स्वस्त आहे. साधारण प्रतीच्या ध्वनिमुद्रणाला ताशी तीस एम.बी.च्या आंतबाहेर जागा लागते. चित्रफितीला त्याच्या कित्येक पट. शहरांत एकदां उतरवून घेतलेले भाग झरी-जामणीकडील एखाद्या गांवीं, जेथें फोनला धड रेंजहि मिळत नाहीं, तेथें निवांतपणें ऐकतां येतात.

या सर्व कसोट्यांहून मोठी एक गोष्ट राहिली, आणि तिला महाराष्ट्रांतच पुरावा आहे. १९५६ सालीं पुणें आकाशवाणीनें युनेस्कोच्या साह्यानें एक प्रयोग केला. तेव्हांच्या मुंबई राज्यांतील पांच जिल्ह्यांत सुमारे दीडशें गांवांतून श्रोतृमंडळें स्थापन केलीं. गांवकऱ्यांनीं एकत्र बसून शेती, आरोग्य, गांवचा कारभार यांवरील कार्यक्रम ऐकावा आणि तो संपल्यावर त्यावर आपसांत चर्चा करावी, अशी योजना होती. असे वीस कार्यक्रम झाले. पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञानें या गांवांची तुलना, जेथें रेडिओ होता पण मंडळ नव्हतें आणि जेथें रेडिओच नव्हता, अशा गांवांशीं केली. मंडळ असलेल्या गांवांतील लोकांचें ज्ञान स्पष्टपणें वाढलेलें दिसलें. जेथें नुसता रेडिओ होता, तेथें वाढ फारच थोडी होती. आवाज तोच, शब्द तेच; फरक पडला तो ऐकल्यानंतर चार माणसें एकमेकांशीं बोललीं म्हणून.

टाळेबंदीच्या काळांत हाच अनुभव पुन्हां आला. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या आणि महाराष्ट्रांतील घराघरांवर घरची शाळा अकस्मात् लादली गेली. पुष्कळ घरीं चांगला फोन नव्हता. असलेला फोन वडिलांबरोबर बाहेर जाई. त्या वर्षीं 'प्रथम' संस्थेच्या साह्यानें आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम सुरू झाला. घरांतील साध्या वस्तू घेऊन मुलांनीं कांहीं करावें, घरच्यांशीं बोलावें, अशी त्याची मांडणी होती. नांवांतच त्याचें मर्म आहे. शाळा बाहेर गेली तरी शाळेचा गाभा, म्हणजे कृति आणि संवाद, तो घरांत राहिला पाहिजे.

वर्ध्याची आठवण येथें सहज येते. यवतमाळपासून दूर नसलेल्या या नगरींत ऑक्टोबर १९३७ मध्यें शिक्षणपरिषद भरली आणि हाताच्या कामांतून शिक्षण हा नयी तालीमचा विचार देशापुढें आला. तो मांडणारे गांधीजी स्वतः घरच्या शिक्षणाचे अनुभवी होते. दक्षिण आफ्रिकेंत कचेरीकडे पायीं जातांयेतां ते मुलांना बरोबर घेत आणि गोष्टीगप्पांतून शिकवीत. पण त्याच आत्मकथेंत त्यांनीं हेंहि मोकळेपणानें लिहिलें आहे कीं, मुलांच्या शिक्षणाला पुरेसा वेळ आपण देऊं शकलों नाहीं आणि त्याबद्दल मुलांची तक्रार राहिली. एवढ्या मोठ्या पुरुषाला जें कबूल करावें लागलें, तें यवतमाळच्या त्या आईनें विसरूं नये. ध्वनिमालिका तिचा हात मोकळा करूं शकते. तिची जागा घेऊं शकत नाहीं. गणित आणि लेखन तर कानांनीं येणारच नाहीं. त्यांना पाटी आणि डोळा लागतो.

म्हणून व्यवहाराची रीत साधी ठेवावी. आठवड्याला दोन किंवा तीनच भाग निवडावे. एक मातृभाषेंतील गोष्टीचा, एक विज्ञानाचा किंवा इतिहासाचा. ऐकून झाल्यावर जेवतांना मुलानें तो आपल्या शब्दांत सांगावा. भागांतील एक तरी गोष्ट हातानें करावी किंवा डोळ्यांनीं पाहावी. अरविंद गुप्ता यांनीं टाकाऊ वस्तूंपासून खेळणीं करण्याच्या ज्या असंख्य कृति मराठींतहि फुकट दिल्या आहेत, त्या यासाठीं फार उपयोगी आहेत. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संगणकावर वाचावयास मिळतात. ऐकलेल्या विषयाला त्यांतून वाचनाची जोड द्यावी. आणि वहींत दोन रकाने असावे: "ऐकलें" आणि "पाहिलें". दोन्ही रकाने जुळले नाहींत, तेथेंच खरा अभ्यास सुरू होतो.

शेवटीं एक काम मुलांवरच सोंपवावें. फोनमध्यें आवाज साठविण्याची सोय असतेच. आबाजींजवळ बसून सागाचीं पानें केव्हां गळत, पूर्वीं यवतमाळ-मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीनें, त्या शकुंतलेनें, प्रवास कसा होई, बोंडाचा भाव पडला तेव्हां घरांत काय झालें, हें मुलांनीं विचारावें आणि साठवून ठेवावें. आबाजी वऱ्हाडींतच बोलतील. त्यांना सुधारूं नये. दहा मिनिटांचें तें ध्वनिमुद्रण जगांतील कोणत्याहि यादींत येणार नाहीं. परंतु पावसाळा लागून सागाला पालवी फुटेल, त्या दिवशीं मुलगी तें पुन्हां लावील, खिडकींतून बाहेर पाहील आणि वहीच्या दुसऱ्या रकान्यांत एक ओळ लिहील. श्रवण, मनन आणि निदिध्यासन यांची भेट त्या एका ओळींत झालेली असेल.